तबला म्हणून नेलेली ढोलकी

मित्रांनो, मी ढोलकी आहे. वयानं जुनी आहे, पण म्हातारी म्हणाल तर याद राखा! आंब्याच्या एका ओंडक्यातून मला कोरून काढलं, दोन्ही तोंडांना कातडं चढवलं, दोरीत पितळी कड्या ओवल्या, आणि तेव्हापासून मला गप्प बसवत नाही. नुसतं पडून राहायचं म्हटलं की माझा जीव कासावीस होतो.

मला विकत घेतलं भिकन आजोबांनी. ते सटाण्याकडून नाशकात आले, अंबडच्या कारखान्यात लागले आणि कॉलनीतल्या बुद्धविहारात त्यांनी गाणाऱ्यांची मंडळी जमवली. भीमजयंतीला आमचा कार्यक्रम असला की लहान पोरं पुढ्यात येऊन बसायची. बाया म्हणायच्या, "भिकनभाऊंची ढोलकी बोलते हो!" ते ऐकून मला आणखी चेव यायचा. मग आजोबांची कंबर धरली आणि मी खिळ्याला लटकले. त्यांचा मुलगा बुद्धभूषण त्याच अंबडमध्ये लेथ चालवतो. पाळी करून आल्यावर त्याला हात उचलवत नसे. उंदरांनी माझी पिशवी कुरतडली, तरी कुणी वर पाहिलं नाही. फार वाईट वाटायचं. शेवटी त्याच्या मुलीनं, मनालीनं, स्टुलावर चढून मला खाली काढलं आणि आजोबांपुढे ठेवलं. "शिकवा," म्हणाली. आजोबांनी शिकवलं, आणि पोरीचा काय हात बसला म्हणता!

यंदा ती सातवी पास झाली. तिची महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच. आता हायस्कूल कोणतं, याशिवाय घरात दुसरा विषय नाही. जवळच एक अनुदानित शाळा आहे. दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के, म्हणून तिला सगळे निकालाची शाळा म्हणतात. मनालीची आई संध्या म्हणे, "पोरीचं गणित चांगलं आहे, तिथंच घालू." आजोबा मात्र कॉटवरून पुटपुटायचे, "पोर हुशार शे, पण तिले हसू द्या." मनालीचा चुलतभाऊ सुयश त्याच शाळेत जातो. गोड गळ्याचा पोरगा, पण यंदा जयंतीला गायला आला नाही. चाचणी होती म्हणे. आला असता तरी काय, सारखं डोकं दुखतं त्याचं.

"पप्पा, तिथं मला वाजवता येईल ना?" मनालीनं विचारलं.

"आधी दहावी, मग काय ते," बुद्धभूषण म्हणाला.

मग तिचं जेवण कमी झालं. ताटावर, उशीवर, आईच्या पाठीवर तिची बोटं सारखी चालायची. मला खिळ्यावर लटकून ते बघवत नव्हतं. दहावीपर्यंत मी काय करू? माझं सोडा, ही पोरगी काय करील?

माझं कातडं ढिलं झालं होतं. एका शनिवारी बुद्धभूषणनं सुट्टी टाकली. नाशकातल्याच द्वारका चौकातल्या दुकानात मला नवं कातडं चढवून घेतलं आणि मला मांडीवर घेऊन मनाली गाडीवर मागं बसली. तसेच आम्ही तिघं निकालाच्या शाळेत गेलो. फाटकाशी बुद्धभूषण हळूच म्हणाला, "मनू, कुणी विचारलं तर तबला म्हण. ढोलकी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तमाशा येतो."

अरे वा! आयुष्यभर याच्या बापाला मी मान मिळवून दिला, आणि आज मी तबला? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मुख्याध्यापकबाईंनी गुण पाहिले आणि खूश झाल्या. "पिशवीत काय आहे?"

मनाली बापाकडे बघत म्हणाली, "तबला."

"एवढा लांबडा? बघू तरी."

पिशवीतून मी बाहेर आले. बाई हसल्या. वाईट नव्हत्या हो त्या, सहज हसल्या. पण मनालीचे कान लाल झाले. बाईंनी कपाट दाखवलं. आत आमची भावंडं होती, एक पेटी, एक ढोलकी, अजून दुकानाच्या प्लास्टिकमध्ये. "संगीताचा तास आहे आपल्याकडे," बाई म्हणाल्या, "पण आठवीपासून तो गणिताला देतो. शनिवारी चाचणी असते." मनालीची बोटं टेबलाच्या कडेवर चालू झाली. "बोटं आवर, बाळा," बाई म्हणाल्या. तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. बुद्धभूषणनं ते पाहिलं. त्यानं मला पिशवीत घातलं आणि उठला.

गाडी घराकडे वळायच्या ऐवजी द्वारकेकडे वळली. तिथं महापालिकेचंच एक हायस्कूल आहे. लांब पडतं, भिंतींचे पोपडे निघालेत. वऱ्हांड्यात वाल्मीक सर भेटले. ते गणित शिकवतात आणि पेटीही वाजवतात. बुद्धभूषणनं तोंड उघडायच्या आत मनाली म्हणाली, "सर, ही ढोलकी आहे. मी वाजवते."

बुद्धभूषण खाली बघू लागला.

"मग वाजव की," सर म्हणाले.

काय सांगू मित्रांनो! नवं कातडं, आणि ती सकाळपासून दाबून धरलेली बोटं! वर्गातून पोरं डोकावायला लागली. वाजवून झाल्यावर बुद्धभूषणनं घसा खाकरून विचारलं, "सर, पण निकाल?"

"शंभर टक्के नाही लागत," सर म्हणाले. "मी खोटं सांगणार नाही. रोज शाळा सुटल्यावर तासभर संगीत असतं. गणिताचा अभ्यास मी करून घेतो, पण घरी तुम्हालाही बसावं लागेल तिच्याजवळ."

प्रवेश तिथंच झाला. संध्या दोन दिवस धड बोलली नाही. शेजारी म्हणाले, "निकालाची शाळा सोडली? वेडे की काय तुम्ही?"

आणि पहिल्याच चाचणीत मनालीला गणितात निम्मे गुणही पडले नाहीत. संध्याकाळी पाळीवरून आलेल्या बुद्धभूषणनं पेपर पाहिला, उठला आणि सरळ माझ्याकडे आला. मी मनात म्हटलं, संपलं सगळं, आता माळ्यावर रवानगी. मनाली भिंतीला टेकून रडत होती. त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"आधी वाजव," तो म्हणाला. "मग दोघं मिळून गणितं सोडवू. मलाही येत नाहीत, बघू काय होतं ते."

तिनं हुंदके देतच वाजवलं, ठेका पार चुकला. मला काही त्याचं वाटलं नाही.

तर मित्रांनो, आम्हा वाद्यांची धूळ पुसलीत म्हणजे झालं असं समजू नका, आम्हाला वाजवा. आणि तुमच्या घरात कुणाची शाळा निवडायची चालली असेल, तर मोठ्यांना माझा निरोप द्या. निकाल विचारा, जरूर विचारा. पण तिथं गेल्यावर आपल्या लेकराला काय लपवावं लागेल, तेही विचारा.