तिसरा रीसेट

लहानूजी जाऊन आठ दिवस झाले होते आणि शोभाताई जेवत नव्हत्या. अगदी काहीच नाही असं नाही. चहा घ्यायच्या, कोणी फारच मागे लागलं तर भाकरीचा तुकडा तोंडात धरायच्या, आणि मग उठून मोरीत थुंकून यायच्या. हे पटलेसाहेबांना फोनवर कळलं. फोन मयुराचा होता, लहानूजींच्या मुलीचा.

“काका, तुम्ही एकदा भिवापूरले येऊन जा न,” ती म्हणाली. “आई म्हणते, मीच घाई केली म्हणून गेले ते. म्हणते, तुहे बाबा गाडी ठेवून देणार होते, मीच लग्नाले चाला चाला केलं. आम्ही सांगून सांगून थकलो. तुम्ही गाडीतले जाणकार. गाडीच खराब होती असं तुम्ही सांगितलं तर ऐकन ती. बाबाले तुमचा लय भरोसा होता.”

“येतो बेटा, उद्याच येतो,” साहेब म्हणाले. भरोसा हा शब्द त्यांना चांगलाच झोंबला होता.

आता हे ताराचंद पटले म्हणजे काही लहान असामी नव्हे. एकतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी, त्यातली शेवटची अकरा कंट्रोल रूममध्ये शिफ्टचे प्रमुख. निवृत्त होऊन नागपुरात मनीषनगरला राहायला आले आणि मोठ्या हौसेने एक पांढरी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. जन्मभर लोकांसाठी वीज केली, आता आपणही जरा तिच्यावर बसून फिरू, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गाडी पळायची छान. थांबायची मात्र स्वतःच्या मर्जीने. आज पडद्यावर पिवळी खूण, उद्या चार्जिंगच घेत नाही, परवा दारच उघडत नाही. सर्विस सेंटर एकच, आणि तिथे गाडी एकदा आत गेली की महिना-दीड महिना तिचं तोंड दिसत नसे. पार्ट पुण्याहून यायचा असायचा. तो यायचाच असायचा. शेवटी गाडी परत मिळाली की कागदावर लिहिलेलं असे, तपासणीत दोष आढळला नाही. नाहीतर मग, सॉफ्टवेअर अपडेट केलं. ताप असो की मोडलेलं हाड, गोळी एकच.

असे पोळलेले लोक एकमेकांना शोधत शोधत व्हॉट्सॲपवर जमले. विदर्भातले दीडशे गाडीवाले आणि त्यांचे ॲडमिन पटलेसाहेब. वर्षभरात लोक त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणू लागले. अहो, मी कसला डॉक्टर, असं साहेब एकदाही म्हणाले नाहीत. आवडलं होतं त्यांना ते. निवृत्तीनंतर घरात कोणी काही विचारेनासं झालं होतं. इथे सकाळी उठावं तर पंधरा जण वाट पाहत असायचे.

आणि डॉक्टरांकडे औषध होतं. ते त्यांनी कंट्रोल रूममधूनच आणलं होतं. तिथे दिवसाला शंभर अलार्म वाजतात. सगळ्यांच्या मागे धावलं तर माणसाला जेवायलाही फुरसत मिळायची नाही. म्हणून पद्धत अशी की अलार्म आला, बटण दाबून ‘पाहिला’ असं कळवायचं, रीसेट मारायचा आणि परत येतो का बघायचं. नाही आला तर चहा प्यायचा. गाडीचंही तेच. बोनेट उघडायचं, आत जी छोटी बॅटरी असते तिची एक वायर दहा नंबरच्या पान्याने सोडायची, दहा मिनिटं थांबायचं, वायर परत लावायची. पडदा स्वच्छ. दीडशे लोकांच्या गाडीत दहाचा पाना आला तो साहेबांमुळे.

पण त्या पद्धतीला एक शेपूट होतं, आणि ते साहेबांनीच नव्या पोरांना अकरा वर्षं दटावून शिकवलं होतं. तोच अलार्म तिसऱ्यांदा आला तर रीसेटला हात लावायचा नाही. माणूस उठून जागेवर जातो आणि यंत्र डोळ्यांनी बघतो. हे शेपूट त्यांनी ग्रुपवर कधी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. गाडीवाल्याने जागेवर जायचं म्हणजे सर्विस सेंटरला जायचं, आणि तिथली कथा तर सगळ्यांना पाठ होती. शिवाय खरं बोलायचं तर, ‘मला कळत नाही, गाडी उभी करा’ असं सांगणाऱ्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही.

लहानूजी भिवापूरचे मिरचीचे व्यापारी. साहेबांच्या शब्दावरच त्यांनी तीच गाडी, तोच रंग घेतला होता. त्यांच्या गाडीवर दिवाळीत पिवळी खूण आली. साहेबांनी रीसेट सांगितला, खूण गेली. महिनाभराने परत आली, परत रीसेट, परत गेली. मग माघातल्या एका दुपारी तिसऱ्यांदा आली. नागपुरात भाच्याचं संध्याकाळचं लग्न होतं. लहानूजींनी पडद्याचा फोटो पाठवला, सोबत आपल्या आवाजातला निरोप. साहेबांनी लगेच उत्तर दिलं. रीसेट मारून नवराबायको निघाले.

उमरेड सोडल्यावर दिवेलागणीला गाडी रस्त्याच्या मधोमध मेली. मोठ्या बॅटरीतून छोटीला करंट पोचवणारा एक डबा असतो, तो केव्हाचा जात आला होता. तो गेला की सगळंच जातं. पुढचे दिवे, मागचे दिवे, धोक्याचे दिवे. लहानूजींनी बायकोला उतरवून रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसवलं आणि स्वतः शिकल्याप्रमाणे बोनेट उघडून, वायर सोडून, दहा मिनिटं मोजत गाडीपुढे उभे राहिले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अंधारात गाडी दिसली ती अगदी टेकल्यावर. त्या धक्क्याने गाडी लहानूजींच्या अंगावरून पुढे गेली. शोभाताईंनी ते कठड्यावर बसून पाहिलं.

ग्रुपवर पहिल्यांदा भावपूर्ण श्रद्धांजलीचे हात जोडून झाले. सगळ्यात वर साहेबांचेच हात. मग दोन दिवसांनी कुजबुज सुरू झाली. बोनेट उघडं होतं म्हणे. वायर काढलेली होती म्हणे. कंपनीच्या माणसानेही तेच लिहून नेलं होतं, मालकाने छेडछाड केली. कोणीतरी लिहिलं, लोक स्वतःला मेकॅनिक समजतात आणि नाव गाडीचं खराब होतं. त्याला अकरा अंगठे मिळाले. ज्यांच्या डिकीत दहाचा पाना होता, त्यांतलेच हे अकरा. आणि डॉक्टरसाहेब मूग गिळून बसले होते. लिहायला घ्यायचे, दोन ओळी लिहायचे आणि खोडायचे. आठ दिवस हेच चाललं होतं.

मयुराच्या फोनचं त्यांनी आपल्या बायकोला, गोपिकाबाईंना, सांगितलं. बाई वाटाणे सोलत होत्या.

“मग काय सांगणार तिले?” त्यांनी विचारलं.

“हेच, का गाडी खराब होती. शोभाताईची चूक नाही. खरंच तं आहे.”

गोपिकाबाईंनी चार शेंगा सोलल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही जेवत होता. उजवा हात भरलेला होता. तुम्ही तो फोटो मोठा करून पाहिला होता काय?”

साहेबांनी तो पाहिला नव्हता. डाव्या हाताने फोन धरून, चष्मा न लावता, निरोप अर्ध्या कानाने ऐकून, तीच खूण असेल म्हणून बोलून टाकलं होतं. फोटो त्यांनी मोठा करून पाहिला तो दुसऱ्या दिवशी, बातमी आल्यावर. खूण पिवळी नव्हती. लाल होती, आणि खाली दोन ओळींत लिहिलेलं होतं की गाडी सुरक्षित जागी थांबवा. लहान अक्षर होतं, पण वाचता न येण्याइतकं नव्हतं.

“तिले खरं सांगायचं तं पुरं सांगा,” गोपिकाबाई म्हणाल्या. “अर्धंच सांगायचं असन तर जाऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब एसटीने भिवापूरला गेले. गाडीच्या किल्लीला हात लावायची हिंमत झाली नाही.

घराच्या पुढच्या खोलीत शोभाताई भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या. नऊ दिवसांत बाई निम्मी झाली होती. हातातली पाटली कोपरापर्यंत वर सरकवली तरी घसरून मनगटावर येत होती. मयुराने साहेबांना खुर्ची दिली आणि ती आईपाशी खाली बसली.

“आई, काका आले वं. तुले काही सांगाले आले.”

साहेबांनी घसा साफ केला आणि जाणकार माणसासारखं बोलायला सुरुवात केली. छोटी बॅटरी, मोठी बॅटरी, मधला डबा. हा दोष कंपनीचा, आणखी दहा जणांच्या गाडीत आहे, कोणाचीही गाडी कधीही अशी बंद पडू शकते. बोलताना त्यांना स्वतःलाच बरं वाटू लागलं. इथेच थांबावं, चहा प्यावा आणि दुपारच्या एसटीने परत फिरावं, असा विचारही मनात येऊन गेला. माणूस किती हलका होऊ शकतो, याला काही सुमार नाही.

शोभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. “डबा खराब होता, मान्य,” त्या म्हणाल्या. “पण त्यायले समजलं होतं न काही तरी बिघडलं म्हणून. त्यायचा पाय निघत नव्हता, भाऊ. दोनदा गाडीपाशी जाऊन परत आले. मी म्हटलं, मुहूर्त निघून जाईन, भाचा काय म्हणन, किती वेळ लावता. मग फोन घेऊन आत गेले, बाहेर आले, अन् म्हणाले चाल. माह्या तोंडाच्या पट्ट्याले कंटाळून म्हणाले ते. मीच ढकललं त्यायले.”

“नाही, ताई,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “तुम्ही नाही. ते आत जाऊन मले विचारून राहिले होते. मीच सांगितलं, रीसेट मारा अन् निघा. तिसरी वेळ होती. तिसऱ्या वेळी मारू नये हे मले माहीत होतं. रस्त्यावर ते बोनेट उघडून उभे राहिले, तेही मीच शिकवलेलं.”

मयुरा त्यांच्याकडे बघतच राहिली. शोभाताईंनी मात्र मान हलवली, जरा मायेनेच.

“तुम्ही भले माणूस, भाऊ. मले बरं वाटावं म्हणून आपल्या अंगावर घेऊन राहिले. ते म्हणतच होते, साहेब लय मोठ्या मनाचे. पण असं खोटं नका बोलू. मले फरक नाही पडत त्यानं.”

आठ दिवस जे साहेबांच्या तोंडातून निघत नव्हतं ते निघालं, तर ते कोणी खरं मानायलाच तयार नव्हतं. सुटायला वाट होती. एक सुस्कारा टाकला असता, डोळे पुसले असते, तर मोठ्या मनाचे म्हणून त्या घरातून बाहेर पडले असते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्या दुपारचे निरोप लावले. त्या दिवसानंतर हे निरोप त्यांनी पुन्हा एकदाही ऐकले नव्हते.

खोलीत लहानूजींचा आवाज आला. मयुराने आईचा हात धरला.

“साहेब, नमस्कार. फोटो पाठवला, पहा. मागच्या दोन वेळा पिवळी होती, आता लाल दाखवून राहिली. शोभाची लग्नाची गडबड आहे, पण तिले मी समजावतो, तिचं काही नाही. साडेचारची यष्टी आहे, तिनं जातो. तुम्ही म्हणसान तसं.”

मग लगेच साहेबांचा, तोंडात घास असलेला, खुशीतला आवाज. “अरे काही होत नाही, लहानूजी! दहा मिनिटं वायर काढा, रीसेट मारा अन् निघा बिनधास्त. यष्टीत काहून धक्के खाता? लग्नात माह्या वाटची जिलेबी खाजा!” आणि हसणं.

फोन बंद झाला. मागच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका आत येत होता.

“यष्टीनं जातो म्हणाले ते?” शोभाताईंनी विचारलं.

“हो.”

“मले समजावणार होते.”

“हो, ताई.”

“मी ऐकलं असतं,” त्या म्हणाल्या. “दोन शब्द बडबडले असते अन् ऐकलं असतं. मी काय त्यायचं ऐकत नव्हती काय कधी?” मग त्या मयुराकडे वळल्या. “भात आहे काय वं?”

मयुरा धावतच आत गेली. वरणभाताचं ताट आलं. शोभाताईंनी ते मांडीपाशी ओढलं आणि जेवायला लागल्या. मोठे मोठे घास, न थांबता, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ताटात पडत होतं आणि त्या ते भातासकट खात होत्या. मयुराने दोनदा वाढलं. साहेबांसमोर कोणी ताट ठेवलं नाही, पाण्याचा गिलासही नाही.

“ताई, मी...” साहेबांनी सुरुवात केली.

“थांबा,” शोभाताई म्हणाल्या. “जेवू द्या मले.”

साहेब थांबले. बाईंनी शेवटचं शीत निपटून खाल्लं, ताटातच हात धुतला आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळ्यांत राग असता तर साहेबांना सोपं गेलं असतं.

“नऊ दिवस हे माह्या पोटात होतं,” त्या म्हणाल्या. “एक घास जाऊ देत नव्हतं. आता ते तुमचं आहे, तुम्ही घेऊन जा. जा.”

त्या घरात आलेल्या माणसाला आजवर कोणी नुसतं ‘जा’ म्हटलं नव्हतं. साहेब उठले. उंबऱ्यात चपला घालताना जन्माच्या सवयीने ‘येतो’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटून पायऱ्या उतरले.