रिव्हॉल्वरचं माहेर

“या खेपेला राहू दे की इथंच,” डेस्मंड म्हणाला.

नॉर्मन ओल्डरॉइडचा हात केकवरच थांबला. “काय राहू दे?”

“हे.” डेस्मंडनं टेबलावरच्या महोगनीच्या पेटीकडे बोट केलं. हिरव्या बनातीच्या खाचेत ठासणीचं रिव्हॉल्वर निवांत पहुडलं होतं. भोवती त्याचा सगळा गोतावळा: दारूची तांब्याची कुपी, गोळ्या पाडायचा साचा, तेलाची बाटली, नळी पुसायचा गज.

“आणि पुढच्या महिन्यात म्हणशील, आता तुझी पेटीही दे! खाटका, तुला काय मी आज ओळखतो?”

“छत्तीस वर्षांत एवढंच ओळखलंस होय,” डेस्मंड खोकत म्हणाला आणि रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळू लागला.

नॉर्मननं चव्वेचाळीस वर्षं टपाल कचेरीत तिकिटं विकली होती. जन्मात त्यानं उडवलेली सर्वांत स्फोटक वस्तू म्हणजे सोड्याच्या बाटलीचं बूच. डेस्मंड हॉइलचं मटणाचं दुकान. आवाज असा, की टांगलेल्या कोंबड्यासुद्धा दचकायच्या म्हणत. दोघांची गाठ पडली ती हॅरोगेटच्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात. चहाच्या रांगेत नॉर्मनच्या काखेत नुकतीच घेतलेली रिकामी पेटी, डेस्मंडच्या हातात दुसऱ्या टेबलावरून घेतलेलं रिव्हॉल्वर. पेटीच्या झाकणातल्या चिठ्ठीवरचा आकडा आणि रिव्हॉल्वरवर कोरलेला आकडा एकच निघाला! क्रिमियाच्या लढाईला गेलेल्या कुण्या कॅप्टनचा हा संसार दहा पावलांवर मोडून पडला होता.

“विकतोस?” नॉर्मननं विचारलं.

“तू विकतोस?” डेस्मंडनं विचारलं.

दोघांचा चहा गार झाला, पण विकलं कुणीच नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डेस्मंड पावाच्या पिशवीत रिव्हॉल्वर घालून बसनं यायचा. लेक माहेरी यावी तसं ते चहा संपेपर्यंत पेटीत विसावायचं. दोघं बघत बसायचे. मग ते पुन्हा पिशवीत.

त्या दिवशी दारात डेस्मंड वळला. “साचा पुसत जा. गंज चढतोय.” एवढंच बोलला नि गेला. आपण म्हाताऱ्याचा डाव ओळखला, या खुशीत नॉर्मननं केकचा आणखी एक तुकडा खाल्ला.

एकोणिसाव्या दिवशी डेस्मंड गेला.

दफनाच्या वेळी नॉर्मननं रिव्हॉल्वरचा विषय काढला नाही. मयताच्या घरी वस्तूची चौकशी करायची नसते, हे त्यालाही कळत होतं. पहिला रविवार उजाडला. त्यानं साचा घासूनपुसून लख्ख केला, पेटी उघडून ठेवली, सवयीनं दोन कप मांडले. आणि बेल वाजली.

दारात डेस्मंडची मुलगी जिलियन, हातात आल्याचा केक. “नॉर्मनकाका, तुम्ही एकटे असाल म्हटलं.”

“ये ये. थंडी आहे बाहेर.”

“काय सांगू काका,” कोट काढता काढता ती म्हणाली, “बाबांच्या कपाटात पिस्तूल सापडलं! खरंखुरं! घरात माझी पोरं. मी थेट पोलिसांना बोलावलं.”

नॉर्मननं तिचा कोट खुंटीला अडकवला.

“ते म्हणाले, बाई, फार जुनं आहे, परवानासुद्धा लागत नाही, हवं तर ठेवा. मी म्हटलं, छे! न्या आणि वितळवून टाका. काल त्यांचा फोन आला, झालं म्हणून. हायसं वाटलं बघा. बाबा असलं काही बाळगतील असं वाटलं नव्हतं. बरोबर केलं ना मी?”

आतल्या खोलीत टेबलावर पेटी उघडी होती. नॉर्मन तिच्या आधी लगबगीनं आत गेला आणि त्यानं कप पुसायचं फडकं पेटीवर टाकलं.

“अगदी बरोबर केलंस, पोरी,” तो म्हणाला.

ती खुर्चीत बसली, नेमकी डेस्मंडच्या. “दोन कप? कुणी यायचं होतं का?”

“नाही. सवय.”

“बाबा इथून आले की फार खुशीत असायचे. काय करायचात हो तुम्ही दोघं?”

“चहा प्यायचो.”

किटली उचलताना त्याचं लक्ष गेलं. फडकं रिकाम्या खाचेत हळूहळू खाली बसत चाललं होतं. आधी मुठीची जागा खचली, मग लांबुळकी नळीची.

नॉर्मननं आल्याच्या केकची ताटली त्यावर ठेवली आणि पहिला कप तिच्यापुढे सरकवला.