लाँड्रीची दोरी आणि रिमोटमधले सेल

मित्रांनो, आम्हा रेडिओंना बोलायला लागलो की एरियल ताठ उभारायची सवय असते. आज मात्र मी माझी एरियल मिटून घेतली आहे. जे सांगायचे आहे ते ताठ मानेने सांगण्यासारखे नाही.

गल्लीच्या टोकाला एक लाँड्री आहे, तिथला मी ट्रान्झिस्टर. मूळचा काळा, पण इस्त्रीच्या वाफेने आणि खळीच्या हातांनी आता राखाडी झालो आहे. सेलच्या खणाचे झाकण केव्हाच हरवले. त्या जागी रबरबँड आहे, आणि तो माझ्यापेक्षा जास्त थकलेला आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या. शेवटच्या बाईने माझा कान पिळला, मी बोललो, तशी ती शेजारणीला म्हणाली, "हा बघ कसा खणखणीत बोलतोय!" हे कौतुक मी कायमचे मनात जपून ठेवले. थोडा शिष्टपणा माझ्या अंगात आला तो तिथूनच.

लाँड्रीवाल्यांनी मला गाण्यांसाठी आणले नव्हते. ज्याचे पोट कपडे वाळण्यावर चालते, त्याला आभाळाशी सलगी ठेवावीच लागते. रोज सकाळी खांद्यावर ओल्या चादरींचा पिळा घेऊन ते माझ्यासमोर उभे राहायचे. बातमीपत्र संपेपर्यंत घरात कोणी शिंकायचे नाही. हवामानाच्या चार ओळी आल्या की ते मान डोलवायचे. आभाळ स्वच्छ राहणार असेल, तर चादरी गच्चीवरच्या दोरीवर जायच्या. इशारा असेल, तर आतल्या खोलीत पंख्याखाली.

ती दोरी सगळ्या गल्लीला दिसायची. त्यामुळे गल्लीने बातम्या ऐकणे सोडून दिले आणि दोरी बघायला सुरुवात केली. "भरली का रे दोरी?" असे विचारून लोक छत्री घरी ठेवायचे. दोरी रिकामी दिसली की गवंडी वाळूवर ताडपत्री ओढायचा, भाजीवाली हातगाडी वरच्या अंगाला घ्यायची. "लाँड्रीवाल्यांची दोरी कधी खोटं बोलत नाही," असे लोक म्हणायचे. लाँड्रीवाले हसून मिशीवरून हात फिरवायचे. त्या दोरीच्या मागे मी होतो हे कोणाला ठाऊक नव्हते, पण मला ठाऊक होते आणि मी फुगून बसायचो.

दोरीकडे सर्वांत काळजीने बघायच्या त्या बाइंडरताई. लाँड्रीच्या खालच्या तळघरात त्यांचे पुस्तकबांधणीचे काम चालायचे. तळघराच्या खिडक्या रस्त्याला टेकलेल्या, आतून नुसते येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसायचे. गल्लीमागून नाला वाहतो आणि पुढे नदीला मिळतो. नदी चढली की नाला उलटा फिरतो आणि पहिले पाणी तळघरात शिरते. म्हणून दोरी रिकामी दिसली की ताई कागदाचे गठ्ठे जमिनीवरून उचलून फळ्यांवर रचायच्या. त्यांचे वडील, आबा, दोन्ही गुडघ्यांनी अधू होते. त्यांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट दोघांनी उचलून लाँड्रीच्या वरच्या खोलीत आणावे लागायचे. आबा वर आले की लाँड्रीवाल्यांच्या बायको, म्हणजे गल्लीच्या वहिनी, त्यांना चहा द्यायच्या आणि आबा इस्त्रीच्या घड्या मोजत बसायचे.

मग टीव्ही आला. त्याला केबलची जोडणी आली आणि माणसे माझ्याकडे पाठ करून बसू लागली. मी आवाज चढवला तर लाँड्रीवाले म्हणाले, "तू गप बस रे." रिमोटचे सेल संपले तेव्हा माझे काढून त्यात घातले. "तात्पुरते," असे ते वहिनींना म्हणाले. मित्रांनो, घरात 'तात्पुरते' म्हणून जे केले जाते ते बहुधा कायमचे असते. वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून मला तिच्या फटीत उभे केले. वाऱ्याची बातमी देणारा मी, आता वाऱ्याला अडवून धरू लागलो.

पुढे केबलही गेली. "नुसती भांडणं दाखवतात, डोकं उठतं," म्हणून लाँड्रीवाल्यांनी ती बंद करून टाकली. टीव्हीवर धुतलेल्या शर्टांच्या चळती बसू लागल्या. रिमोट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या सेलांसकट, जपून ठेवलेला. सांगायला काहीच न उरलेल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये माझा जीव अडकून पडला होता.

आता हवामान वहिनींच्या फोनवर दिसू लागले. सूर्याचे चित्र असेल तर दोरी भरायची, ढगाचे असेल तर रिकामी. बातमीपत्र संपेपर्यंत ओले ओझे खांद्यावर धरून उभे राहायला नको. फोनमध्ये वहिनींनी लेकीचे सासर सर्वांत वर लावून ठेवले होते. लेकीकडे ऊन आहे की पाऊस, हे बघितल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. आपले गाव त्याखाली, बोटाने सरकवून बघावे लागायचे. वहिनींनी नवऱ्याला हे बजावले होते. ते म्हणाले होते, "मला काय एवढंही कळत नाही का?"

त्या दिवशी सकाळी वहिनी आंघोळीला गेल्या होत्या. लाँड्रीवाल्यांनी फोन उघडला. वर सूर्य होता, ठसठशीत, पिवळा. खिडकीबाहेर बघितले तर इथेही ऊनच होते. त्यांनी गच्चीवर जाऊन दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. खिडकीच्या फटीतून मी ते बघत होतो. मला तरी कुठे काय माहीत होते? रिकाम्या पोटाने बातमी ऐकू येत नाही.

खालून ताईंनी मान वर करून दोरी बघितली. त्यांच्याकडे शाळेच्या ग्रंथालयाची जुनी पुस्तके शिवायला आली होती, सगळी उसवून जमिनीवर पसरलेली. दोरी भरलेली दिसली, तशा त्या निश्चिंतपणे आत गेल्या.

आमच्याकडे पावसाचा थेंब पडला नव्हता. पाऊस डोंगरात पडला होता. दुपारी नाला उलटा फिरला आणि तळघराच्या खिडक्यांतून चिखलाचे पाणी आत घुसले. ताईंची हाक ऐकून लाँड्रीवाले इस्त्री तशीच टाकून धावले. वहिनींनी पळत जाऊन इस्त्री उभी केली, नाहीतर पाण्याबरोबर आगही बघावी लागली असती. मांडीपर्यंतच्या पाण्यातून दोघांनी आबांची खुर्ची उचलली. वर आले तेव्हा आबांच्या पायांवरून पाणी निथळत होते आणि त्यांनी एक पुस्तक छातीशी धरले होते. हाताला लागले तेवढे एकच.

गल्लीतली बरीच माणसे आमच्या खोलीत जमली. वीज गेली होती. फोनवर ना सूर्य, ना ढग. टॉवरच बंद पडला होता. सगळ्यांनी खिडकीतून एकदा दोरीकडे बघितले. चादरी उन्हात मजेत हलत होत्या. लाँड्रीवाल्यांनी धावत वर जाऊन त्या ओढून काढल्या, पण आता त्याचा काय उपयोग होता?

"पाणी थांबल्यासारखं वाटतंय," ताई जिन्यातून वाकून म्हणाल्या. "मी पुस्तकं घेऊन येते. शाळेची आहेत, दुसरी मिळायची नाहीत."

"तू थांब. मी जातो," लाँड्रीवाले म्हणाले.

"दादा, तुम्हाला नाही कळायचं कुठलं आधी घ्यायचं ते."

"मग दोघं जाऊ. पण मला जाऊ दे, ताई." हे शेवटचे त्यांनी असे म्हटले की वहिनींनी चमकून त्यांच्याकडे बघितले. नवऱ्याच्या डोक्यात पुस्तके नव्हती, दोरी होती, हे त्यांच्या लक्षात आले.

वहिनींनी प्लास्टिकची पिशवी फाडली. रिमोटमधले सेल काढले, मला खिडकीतून ओढून माझ्यात घातले. मी बोललो नाही. स्प्रिंग गंजली होती. त्यांनी कपड्यांना खुणेची चिठ्ठी लावायची सेफ्टीपिन घेतली आणि स्प्रिंग खरवडू लागल्या. "बोल रे बाबा," त्या पुटपुटत होत्या. लाँड्रीवाले आणि ताई जिन्याच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत पोचले होते.

आणि मी बोललो. खणखणीत बोललो, कारखान्यातल्या त्या बाईला ऐकवले होते तसेच.

"आपल्या शहरासाठी काल दुपारी देण्यात आलेला पुराचा इशारा कायम आहे. धरणातून पाणी सोडण्यात आले आहे. नदी आणि नाल्यांलगतच्या सखल भागात पाण्याची पातळी अचानक वाढणार आहे. तळमजल्यावर आणि तळघरात कोणीही उतरू नये."

"वर या!" वहिनी ओरडल्या. "दोघंही आधी वर या!"

ते वर आले. त्यांच्या मागोमाग पाणी जिन्यावर चढले, नुसते चढले नाही, धडका मारत आले. ज्या पायऱ्यांवर ते दोघे क्षणापूर्वी उभे होते, त्या दिसेनाशा झाल्या.

सगळे वाचले. मला वाटले, आता माझे कौतुक होईल. पण सगळ्यांच्या कानात एकच शब्द अडकला होता, 'काल'. काल दुपारपासून ही बातमी आकाशात फिरत होती, याच गावासाठी, आणि आमच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. फोनवरही आपल्या गावापुढे इशाऱ्याची खूण असणार, पण लाँड्रीवाल्यांनी बघितला तो सूर्य सर्वांत वरचा, लेकीच्या गावचा होता. लाँड्रीवाले भिंतीशी बसले आणि त्यांनी ओल्या पंच्यात तोंड लपवले. बातमी पुन्हा सुरू झाली. पुन्हा 'काल दुपारी'. मला वाटले, आपला आवाज खरखरावा, बसावा, तो एक शब्द तरी गिळता यावा. आयुष्यभर स्पष्ट बोलण्याचा तोरा मिरवला, आणि त्या दिवशी त्याच स्पष्टपणाची मला लाज वाटली. समोर बसलेल्या माणसाला मी सगळ्या गल्लीदेखत उघडे पाडत होतो.

आबा वहिनींना एवढेच म्हणाले, "आवाज बारीक करू नका, सूनबाई. ऐकू द्या सगळ्यांना."

पाणी ओसरले. नंतर छान ऊन पडू लागले, तरी आमची दोरी रिकामीच राहिली. लाँड्रीवाले चादरी आत वाळवायचे, त्यांना कुबट वास यायचा, तरी ते गच्चीवर जायचे नाहीत. गल्लीतून जाताना पलीकडच्या बाजूने जायचे. एका सकाळी चिखलाने लडबडलेली टोपली घेऊन ताई जिना चढून आल्या.

"दादा, दोरी रिकामी आहे. आज काही इशारा आहे का?"

"नाही."

"मग?"

"माझ्या दोरीवर आता कोण विश्वास ठेवणार?"

ताईंनी टोपली टेबलावर ठेवली. आत पुस्तकांची ओली पाने होती, एकमेकांना चिकटलेली. "ठेवू की नको ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "राग आहेच मला. अजून जायचा नाही. पण ही पानं सुटी करून वाळवायची आहेत, आणि गरम इस्त्री तुमच्याकडे आहे."

लाँड्रीवाल्यांनी हात धुतले, पुसले. दोन मऊ फडक्यांमध्ये एकेक पान ठेवून ते कोमट इस्त्री फिरवू लागले. बऱ्याच पानांची शाई पसरली होती, ती काही परत आली नाही. जी वाचली, ती चिमट्यांनी दोरीवर टांगायची ठरली. टोपली उचलून ते गच्चीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग मागे फिरले, टोपली खांद्यावर तशीच धरून माझ्यासमोर उभे राहिले आणि माझा कान पिळला. बातमीपत्र संपेपर्यंत हलले नाहीत. ताईही उभ्या होत्या.

तेव्हापासून मी खिडकीत असतो, पण तोंड गल्लीकडे करून. सकाळचे बातमीपत्र गल्ली स्वतःच्या कानांनी ऐकते, मग दोरी बघते. वहिनींच्या फोनवर आपले गाव वर आले आहे आणि लेकीचे त्याखाली. इशाऱ्याचे संदेशही त्यावर येतात. माझे सेल मात्र आता कोणी काढत नाही. तरी कोणी "वा, या रेडिओमुळे वाचलो" म्हणाले, की माझी एरियल आपोआप खाली जाते. तळघरात शाई पसरलेली पुस्तके अजून आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी केबल असो वा नसो, माळ्यावर किंवा खिडकीच्या फटीत माझा एखादा भाऊबंद पडलेला असेल. आभाळ स्वच्छ असतानाच त्याला खाली घ्या, त्याच्या पोटात सेल आहेत का बघा, एकदा बोलता करा. फोनवरचा सूर्य बघाल तेव्हा तो कोणत्या गावचा आहे तेही बघा. आम्हाला बातमी सांगायला आवडते हो. फक्त कालची बातमी भिजलेल्या माणसांना सांगायची पाळी आमच्यावर पुन्हा आणू नका.