फोटो काढणारं कोण?

शिकायला परदेशी गेलेल्या लेकीने सहलीचे फोटो पाठवले. तळ्याकाठी ती, पुलावर ती, बर्फातही तीच. आईने सगळे फोटो पुन्हा एकदा पाहिले. "अहो, पण फोटो काढतंय कोण?"

"असेल एखादी मैत्रीण," बाबा म्हणाले.

"एकाही फोटोत न येणारी? मित्रच असणार, मेला!"

देवाचं नाव घेत तिने फोन लावला. "खरं सांग बाळा, बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही गं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात मोबाईल द्यायचे. इथे अजून कुणाशी ओळखच झाली नाही." लेक हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

आईने मोबाईल कानाशी घट्ट धरला. देवा, मघाशी ज्याला मेला म्हटलं, तसा कुणीतरी खरंच असू दे रे तिच्याजवळ!