झाकलेला कागद

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे काय, तर एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुलपाचा एक खण. बाकी सगळा सामायिक कारभार. एका मोठ्या हॉलमध्ये वीस-बावीस टेबलं, प्रत्येकाचा धंदा वेगळा, आणि कोपऱ्यात तासावर मिळणारी काचेची खोली. त्या खोलीत बाई लोकांची मृत्युपत्रं करून द्यायच्या. सहीला दोन साक्षीदार लागतात. ते आणायचे कुठून? बाई हॉलमध्ये डोकं काढून विचारायच्या, "दोन मिनिटं येता का कोणी?" आणि कोणीतरी उठायचंच. एक कॉफी पाजली की काम फत्ते.

गुपित फुटू नये म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत बसवली होती. मजकुरावर फाइल आडवी ठेवायची आणि फक्त सह्यांची जागा उघडी सोडायची. साक्षीदाराने सही होताना बघायचं, आत काय लिहिलंय ते नाही. या रीतीचा बाईंना कोण अभिमान! नव्या अशिलाला अशा थाटात सांगायच्या, जणू कायदा यांच्याच माहेरून आलाय.

तो सगळा अभिमान मंगळवारी दुपारी दोन वाजता उतरला.

दोन वाजता ताई आली. ताई म्हणजे बाइंडर आजोबांची देखभाल करणारी. आजोबांनी जन्मभर पुस्तकं बांधली. बायको गेलेली, मूलबाळ नाही, नात्याचा म्हणून एक पुतण्या, तो सहा वर्षांत फिरकलेला नाही. नऊ वर्षं त्यांचं औषधपाणी, खाणंपिणं, चिडचिड, सगळं ताईने काढलेलं. म्हणून गेल्याच आठवड्यात आजोबांनी एकट्याने टॅक्सी करून इथे येऊन आपलं दोन खोल्यांचं घर तिच्या नावे लिहून ठेवलं होतं. "मी आहे तोवर तिला कळता कामा नये," असं बजावलंही होतं. "मानी आहे पोरगी. कळलं तर काम सोडून जाईल."

"आजोबांचा निरोप आहे," ताई म्हणाली. "आज चार वाजता हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. वकीलबाईंना सांगून ये म्हणाले. काय असेल ते तुम्हालाच ठाऊक."

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून घरांचे नकाशे काढणाऱ्या माणसाने मान वर केली. "अगं, तू इथे कशी?"

"हे माझे मिस्टर," ताई जरा लाजून म्हणाली. "तीन महिने झाले, इथेच बसतात. तुमच्याच शेजारी आहेत होय?"

 आजोबांच्या मृत्युपत्राचा पहिला साक्षीदार हाच नकाशेवाला होता. मृत्युपत्रावर ज्याने साक्ष केली, त्याला किंवा त्याच्या बायकोला त्यातलं काही मिळत नाही. घर जाणार होतं थेट पुतण्याकडे. ताईने लग्न झाल्यावरही माहेरचं आडनाव ठेवलेलं. लग्न गेल्या वर्षी नवऱ्याच्या गावी झालं, आजोबांना प्रवास झेपला नव्हता, त्यामुळे जावई त्यांनी पाहिलेला नाही, आणि जावयालाही ते 'आजोबा' एवढ्याच नावाने ऐकून ठाऊक. आणि नकाशेवाल्याने कागदावर बायकोचं नाव वाचलं असतं तर तिथल्या तिथे बोलला असता. पण वाचणार कसा? बाईंनी फाइल ठेवली होती ना!

ताईला काहीबाही सांगून त्यांनी परत पाठवलं आणि संगणक उघडला. साक्षीदारांची जागा कोरी केली, तारीख बदलली, प्रिंट दिली. प्रिंटर मात्र हलेना. ट्रॅव्हलवाल्याने सहलींची नव्वद पत्रकं लावून ठेवली होती.

"थांबवा ते," बाई म्हणाल्या.

"अहो, तीसच राहिलीत."

"थांबवा म्हणते ना. आणि चपला घाला, माझ्याबरोबर यायचंय."

त्यांचा चेहरा बघून तो बिचारा निमूट उठला. रिसेप्शनवरची मुलगीही बाईंनी उचलली. टॅक्सीत दोघांसमोर कागद धरून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी ताईच्या नावावर बोट ठेवलं. "हे वाचा. ही तुमची कोणी लागते? नवऱ्याची, भावाची, कोणाचीही?" दोघांनी नाही म्हणून माना हलवल्या. बाईंनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदाही विचारलं.

हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आजोबा हिरव्या झग्यात पलंगावर, शेजारी स्टुलावर ताई, आजोबांचा हात तिच्या दोन्ही हातांत. नर्स इंजेक्शन भरत होती.

"हे कशाचं?" बाईंनी विचारलं.

"गुंगीचं. पाच मिनिटांत न्यायचंय त्यांना."

गुंगीत केलेली सही काय कामाची? आणि ताईच्या समोर केलेली तरी काय कामाची? पुतण्या उद्या म्हणणार, हिनेच म्हाताऱ्याला धरून करवून घेतलं. बाईंनी वाकून आजोबांच्या कानात एवढंच सांगितलं, "कागद पुन्हा करायला हवा. आत्ता. ती इथे नको."

आजोबांनी हात सोडवून घेतला. "पोरी, बाहेर जा."

"पण मी ऑपरेशनच्या दारापर्यंत येणार आहे. आपलं ठरलंय ना?"

"बाहेर जा म्हटलं की जायचं."

नऊ वर्षांत ते असं बोलले नसावेत. ताई गोरीमोरी झाली, उठली आणि गेली. दार लागलं तशा बाई पलंगाशी सरकल्या; घड्याळ थांबत नव्हतं. त्यांनी चूक सांगून टाकली. माझी आहे, म्हणाल्या, आडपडदा न ठेवता.

आजोबा हसले. "म्हणजे जावयाने एका कॉफीवर घर घालवलं म्हणायचं."

"आज वार कोणता? तुमच्या मालकीचं काय काय आहे? नात्यातलं कोण आहे?" बाईंना विचारणं भाग होतं. मन ताळ्यावर आहे, हे साक्षीदारांना दिसायला हवं.

"मंगळवार. दोन खोल्या, एक पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. पुतण्या आहे, पण तो असून नसल्यासारखा. घर पोरीला. आणा इकडे."

आजोबांनी सही केली. ट्रॅव्हलवाल्याने केली, मुलीने केली. बाईंनी या खेपेला फाइल लांब ठेवली होती. शाई वाळायच्या आत नर्सने सुई टोचली आणि दोन माणसांनी पलंग ढकलत नेला, मागच्या दाराने, सरळ लिफ्टकडे. ताई पुढच्या दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला कळलंच नाही.

साडेसहाला डॉक्टर बाहेर आले. खूप प्रयत्न केले, म्हणाले, पण हृदयाने साथ दिली नाही.

ताई रडली नाही. बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "शेवटचं मला काय म्हणाले? बाहेर जा. माझं काय चुकलं हो?"

"तुमचं काही चुकलं नाही. चुकलं माझं." आता बोलायला हरकत नव्हती. वकीलबाईंनी सगळं सांगितलं, झाकलेल्या कागदापासून मागच्या दारापर्यंत. घर आता तुमचं आहे, तेही सांगितलं.

ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मी खोलीत थांबले असते तर घर गेलं असतं?"

"पुतण्याने कोर्टात खेचलं असतं. कदाचित गेलं असतं."

"कदाचित," ताई म्हणाली. "मला विचारायचं होतंत. मी म्हटलं असतं, जाऊ दे घर."

 इतकी वर्षं बाईंनी लोकांच्या शेवटच्या इच्छा लिहून दिल्या, आणि ही एक त्यांनी विचारलीच नव्हती. ताई पदर सावरत उठली आणि नर्सकडे गेली, आता तरी आत जाऊ देता का, ते विचारायला.