धुळीवर पडलेलं पाणी

१९८८ सालचा मार्च. इराणी नववर्षाचा सण नौरोज तोंडावर आला होता आणि तेहरानवर इराकची क्षेपणास्त्रं पडत होती. ज्यांना जमलं ते उत्तरेला समुद्राकाठी पळाले. मागे राहिलेल्यांत तपास अधिकारी खाकपूर होता, आणि मागे राहावं लागलं म्हणून तो साऱ्या जगावर खार खाऊन होता. बायको माहेरी, रश्तला. घरात शिळी रोटी आणि खारट चीज. पोटात सतत जळजळ. अशात गुलचीन आगांचं प्रकरण त्याच्या गळ्यात पडलं.

गुलचीन म्हणजे निवृत्त नकाशेवाले. आमच्या गल्लीत तूरान खानुम नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरात वरच्या मजल्यावर ते वर्षानुवर्षं भाड्यानं राहत होते. आदल्या दुपारी मागच्या गल्लीत क्षेपणास्त्र पडलं आणि संध्याकाळी गुलचीन जिन्याखाली मेलेले सापडले. सगळे म्हणाले, क्षेपणास्त्रानं गेले. पण धक्क्यानं छताचा गिलावा झडून घरभर, अगदी रस्त्यापर्यंत पांढरी धूळ बसली होती, आणि ती म्हाताऱ्याच्या अंगाखाली होती. अंगावर कणभर नव्हती. म्हणजे धूळ बसल्यावर माणूस पडला होता, आणि डोक्याची जखम पाहता आपोआप पडला नव्हता.

साहेब फोनवर खेकसले, "खाकपूर, काल शहरात माणसं किड्यामुंगीसारखी मेली आणि तू एका म्हाताऱ्याचा कीस काढत बसलायस? क्षेपणास्त्र लिही. ते जमत नसेल तर त्याच्या पोरीला उचल. दुपारपर्यंत मिटव!"

पोरगी म्हणजे माहरुख. स्फोट ऐकून ती धावत बापाकडे आली होती. "शहर सोडा, बाबा" म्हणून तिनं एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं. मग ती गाडी शोधायला बाहेर पडली आणि परतली तेव्हा बाप जिन्याखाली होता. घरात दुसरं कोण होतं? तूरान खानुम शपथेवर सांगत होती, "कुणी नाही. माझा काम्बीझ तर सकाळीच समुद्राकाठी रामसरला गेला."

काम्बीझ तिचा एकुलता एक. घर विकायचं म्हणून गुलचीनना बाहेर काढायला तो वर्षभर झगडत होता, हे गल्लीतल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं.

"खानुम, तो नक्की कधी निघाला?"

"आधी चहा घे, पोरा. तोंड किती सुकलंय तुझं!"

"चहा नको."

"असं कसं? माझ्या दारात आलास आणि चहा नको? मग बदामाची वडी तरी घे."

खाकपूरनं कपाळावर हात मारला. तेहरानात खुनाचा तपास करायचा तर आधी पोटात चहाचा हौद बांधून घ्यावा लागतो! त्यानं तिसरा पेला घशात ओतला.

पायरीवर माहरुख बसली होती, कालचीच ओढणी, डोळे सुजलेले. "मला न्यायचं तर न्या," ती म्हणाली. "पण बाबांना क्षेपणास्त्रानं मारलं असं लिहू नका. आणि मी मारलं असंही लिहू नका."

"मग काय लिहू? लिहायला तिसरं काही दे ना मला!" तो तिच्यावरच ओरडला आणि तणतणत बाहेर आला. रागानं दारासमोरची धूळ लाथाडायला त्यानं पाय उचलला, तो तसाच राहिला.

पांढऱ्या धुळीवर पाणी भिरकावल्याचा लांबट डाग वाळला होता. थेंबांनी धुळीत खळगे पाडले होते. टोकाला नारिंगाचं हिरवं पान चिकटलं होतं. सकाळपासून हा मूर्ख त्याच्या बाजूनं चार वेळा गेला होता!

तो आत आला. आता आवाज अगदी मऊ होता.

"खानुम, एक विचारू? एवढ्या आगीच्या पावसात तुम्ही पोराला तसंच धाडलंत? कुराणाखालून नेलं नाहीत, पाठीमागे वाटीभर पाणी टाकलं नाहीत? माझी आई मी पाव आणायला निघालो तरी टाकायची."

म्हातारी ताठ झाली. "तसंच धाडीन? मी? वैरीण आहे का मी त्याची? माझ्या हातानं टाकलं! पान घालून टाकलं!"

"सकाळी?"

"सकाळीच."

"मग ते धुळीच्या खाली असायला हवं होतं, मादरजान. धूळ दुपारी पडली. तुमचं पाणी तिच्यावर आहे."

तूरान खानुमनं चहाच्या समोवारची तोटी बंद केली. मग हळू म्हणाली, "त्यानं ढकललं तेव्हा मी जिन्यावरच होते. तो म्हणाला, 'आई, काही बोलू नकोस.' नाही बोलले. पण पाण्याशिवाय कसा जाऊ देऊ? वाटेत काही झालं असतं तर?"

"आणि ही पोरगी? हिचं काय झालं असतं?"

म्हातारीनं सवयीनं पेल्यात चहा ओतला. या वेळी खाकपूरनं तो घेतला नाही.

गेलेल्यानं सुखरूप परत यावं म्हणून पाणी टाकतात. काम्बीझ नौरोजच्या आत परत आला, हातात बेड्या घालून. कायद्यानं खुनाबद्दल जीव मागायचा हक्क माहरुखचा होता; तिनं त्याचा जीव मागितला नाही, म्हणून तो फासावर न जाता तुरुंगात पडून राहिला. सुटला तेव्हा आई नव्हती. तूरान खानुमनं त्या दिवसानंतर मरेपर्यंत कुणाच्याही पाठीमागे पाणी टाकलं नाही. ईदला पाहुणे निघाले तरी वाटी तिच्या हातातच राहायची.

खाकपूर नोकरी संपल्यावर रश्तला गेला. तिथल्या चहाबद्दल कुरकुरत होता म्हणतात.

माहरुख त्या १९८८च्याच वसंतात इस्फहानला शिकवायला गेली. निघताना गल्लीत तिला निरोप द्यायला कोणी उरलं नव्हतं. खाकपूर जबानीवर सही घ्यायला आला होता. "आता हेही मीच करायचं का?" असं पुटपुटत त्यानं जीपमधून रेडिएटरच्या पाण्याचा डबा काढला आणि तिच्या टॅक्सीच्या मागे उपडा केला.

ती दर उन्हाळ्यात तेहरानला, बापाच्या कबरीवर येते. अजून येते.