शेखर लिहितोय

खिडक्यांचे पडदे ओढले गेले, ट्यूबलाइट विझली आणि इंदिरानगरच्या वाल्मीकबाबांच्या बंगल्यात भरसकाळी अंधार झाला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याचा कीबोर्ड आणि माउस सगळ्यांसमक्ष काढून ताटात ठेवले होते, वर हळदकुंकूही वाहिलं होतं. तरीही स्क्रीनवरचा बाण हलला. कोरं पान उघडलं आणि शब्द उमटू लागले.

'आई, मी शेखर. जेवलीस का?'

पुढच्या रांगेतल्या चंद्रभागाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मागून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं आणि लोकांनी भराभर हात जोडले.

वाल्मीकबाबा आसनावरून गरजले, "बघा! हात नाही, वायर नाही! आत्मा म्हणजे काय? करंट! विज्ञानवाले आत्ता कुठे वायफायपर्यंत पोचलेत. ब्रह्मदेवाने सृष्टीच्या आरंभालाच राउटर बसवला होता!"

टाळ्या पडल्या. ब्रह्मदेवाचा पासवर्ड मात्र कुणी विचारला नाही.

चंद्रभागाबाईंना धरून बसलेल्या तबस्सुमला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. तिला वास येत होता. बाईंच्या उजव्या पायाला गुंडाळलेल्या फडक्याखालून येणारा, उदबत्त्यांनाही न दबणारा वास.

दोघी एकाच मजल्यावर राहायच्या. तबस्सुम देवळाली कॅम्पच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. बाईंचा एकुलता एक मुलगा शेखर अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. पाळी संपवून घरी येताना ट्रकखाली गेला. दहाव्याला गोदावरीवर पिंडाला कावळा शिवेना. नातेवाइकांनी एकामागून एक शब्द दिले, "तुझ्या आईला बघू," "घर सांभाळू." कावळा झाडावरून हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी गेले. बाईंच्या मनातून मात्र ते जाईना. पोराची काहीतरी इच्छा राहिली, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. अशा माणसाला बाबाच्या दारात आणून सोडायला फार कष्ट पडत नाहीत.

त्यात बाईंना जुना मधुमेह. पायाच्या बोटांना जखम झाली, ती चिघळली, बोटं काळी पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बोटं काढावी लागतील, तीही लगेच, नाहीतर विष वर चढेल. बाई म्हणाल्या, "शेखरला इचारते." आणि मागच्या दरबारात स्क्रीनवरच्या शेखरने लिहिलं की सुया बंद कर, अंगारा लाव. बाईंनी इन्सुलिन बंद केलं. तबस्सुम रडली, भांडली, पाया पडली. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं, की आज शेवटचं विचारायचं आणि तो 'हो' म्हणाला तर इथूनच हॉस्पिटल गाठायचं.

"बाळा," बाईंचा आवाज चिरकला, "डाक्टर बोटं काढतो म्हनतोय. काय करू रे?"

बाण हलला. 'सुरी लावू देऊ नकोस. अंगारा लाव. मी आहे ना.'

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तबस्सुमची नजर शब्दांवर नव्हती, बाणावर होती. बाण सरळ जात नव्हता. थोडा सरकायचा, थांबायचा, पुन्हा थोडा सरकायचा. ही चाल तिच्या ओळखीची होती. वर्गात मागच्या बाकांवरची पोरं दंगा करतात म्हणून ती स्वतःच्या मोबाइलचाच माउस आणि कीबोर्ड करून बाकांमधून फिरत शिकवायची. मोबाइलच्या काचेवर बोट कडेला पोचलं की उचलावं लागतं, पुन्हा अलीकडे टेकवून ओढावं लागतं. तेवढ्यात बाण अडखळतो.

म्हणजे मोबाइल खोलीतच होता. पण सगळ्यांचे मोबाइल दारातल्या टोपलीत काढून घेतले होते. 'लहरींनी आत्मे बिथरतात' म्हणे.

तिने अंधारात एकेक चेहरा न्याहाळला. भिंतीशी राकेश बसला होता, बाबांचा पट्टशिष्य. उजवा हात गोमुखीत, गोमुखी छातीशी, मान खाली. जपाची माळ कुणाला दिसू नये म्हणून ती कापडी पिशवी असते. तिच्यात डोकावायचं कुणाच्या मनातही येत नाही. राकेशच्या हनुवटीवर, नाकावर मंद पांढरट उजेड पसरला होता. "जपाचं तेज बघा कसं," शेजारची बाई कुजबुजली. तबस्सुमची आई हुस्नबानो रोज तसबीहची माळ ओढायची. मण्यांवरून अंगठा कसा एका लयीत फिरतो, हे तबस्सुमने लहानपणापासून पाहिलं होतं. राकेशची गोमुखी मात्र स्क्रीनवर काही उमटत असलं तरच हलत होती.

आपण मुसलमान. भरल्या दरबारात एखाद्याच्या गोमुखीला हात लावला तर उद्या काय काय उठेल, हे तिला पुरतं ठाऊक होतं. भीती वाटलीच. तरी ती उभी राहिली.

"बाबा, एक विनंती आहे. राकेशदादांनी गोमुखी बाजूला ठेवावी. मग शेखरने एक ओळ लिहावी."

बाबांचा चेहरा बदलला. "जपावर आत्मा टिकून असतो! आणि तुला गं काय कळतं यातलं? परक्या धर्मात नाक खुपसतेस?"

लोकांत कुजबुज वाढली. "बाहेर काढा तिला," कुणीतरी ओरडलं.

"मी हात लावत नाही," तबस्सुम म्हणाली. "जप दुसऱ्या कुणीही करावा. शेखरच्या आईने करावा. आईच्या जपाला तो येणार नाही का?"

बाबा काही बोलायच्या आत चंद्रभागाबाई उठल्या होत्या. त्यांच्या मनात शंका नव्हती, म्हणूनच त्यांना कुणी अडवू शकलं नाही. लंगडत त्या भिंतीशी गेल्या. "दे रे दादा. माझ्या पोरासाठी मी करते जप."

राकेशने गोमुखी मागे ओढली. बाईंनी धरली. ओढाताणीत समोरच्या स्क्रीनवर 'ममममकककक' अशी अक्षरांची रांग धावत सुटली. बाईंनी पिशवीत हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा त्यात माळ नव्हती. मोबाइल होता.

"मावशी," तबस्सुम हळूच म्हणाली, "त्यावर तुम्हीच लिहा काहीतरी."

बाईंना मोबाइलवर मराठी लिहिता यायचं. शेखरनेच शिकवलं होतं. अंगठ्याने त्यांनी एकच शब्द लिहिला. तो स्क्रीनवर उमटला.

'शेखर'

बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग मोबाइलकडे. मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

कुणीतरी ट्यूबलाइट लावली. तबस्सुमने वर्गात सांगते तसंच सांगितलं, "मोबाइलमध्ये एक ॲप आणि कॉम्प्युटरमध्ये त्याचा जोडीदार प्रोग्रॅम टाकला की हवेतून जोडणी होते. काच माउस होते, अक्षरं कीबोर्ड. माझे सातवीचे विद्यार्थी पहिल्या दिवशी 'भूत, भूत' ओरडले, दुसऱ्या दिवशी स्वतः करायला लागले. आणि 'जेवलीस का?' मावशी, कामावरून रोज फोन करून तो हेच विचारायचा, हे तुम्हीच इथे नाव नोंदवताना सांगितलं होतंत."

बाबा मागच्या दाराने निघाले होते, लोकांनी धरले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार झाली. तरी जाताना एक गृहस्थ म्हणालेच, "पण आमचे वडील खरेच आले होते हो."

बाईंना तिथूनच हॉस्पिटलला नेलं. उशीर झाला होता. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तबस्सुमकडे पाठ फिरवली. "तिथं तो मला जेवलीस का इचारायचा," भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या. "तेवढंबी ऱ्हाऊ दिलं नाय तू." तबस्सुम जिन्यात जाऊन खूप रडली. पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, तिसऱ्याही दिवशी आली.

शेजारच्या खाटेवर मीना नावाच्या बाईचा तापाने फणफणलेला नवरा होता. त्या दिवशी तिने सलाइन काढायचा हट्ट धरला. कुणा महाराजांचा निरोप आला होता, नवऱ्याला घरी नेऊन अंगारा लावायचा. नर्स समजावून थकली.

चंद्रभागाबाईंनी अंगावरची चादर फेकली.

"ए बाई, हिकडं बघ. नीट बघ. माझं पोर ट्रकखाली गेलं, त्यात माझा काय हात नव्हता. हा पाय मात्र मी घालवला. मेलेलं मानूस बोलतं म्हनून घालवला. मेलेलं बोलत नाय गं. बोलवनारा मागं बसलेला असतो, त्याला हुडक. नायतर हिला इचार." त्यांनी डबा उघडणाऱ्या तबस्सुमकडे बोट केलं. "आन् नवऱ्याचं इचारायचं तर डाक्टरला इचार. जित्या मानसाला इचार."

मीनाने त्या थोटक्या पायाकडे बघितलं. मग तिने नर्सला सलाइन चालू ठेवायला सांगितलं.